इटलीच्या गुडघ्याचा बोल्ट

हिंमतराव : दोन फेरे जातो आणि अडतो. जोर करू नकोस, सुरुपसिंग.

सुरुपसिंग : आत्ताच बनवला ना तुम्ही, पाटील?

हिंमतराव : बनवला. पण माझं लेथ विलायती. ते बोल्टाचे आटे इंचाच्या हिशोबानं कापतं. तुझा गुडघा इटलीचा, त्याचे आटे मिलिमीटरचे. त्या दोघांचं जमत नाही.

सुरुपसिंग : गुडघा माझा. लाकूड इटलीचं. लढाईत मी तिकडे पलटणीची खच्चरं हाकायचो. सुरुंगावर आधी खच्चर गेलं, मागून मी. तिथल्या कारागिरानं हा पाय दिला. घरी येईपर्यंत चालला. तोरणमाळची वाट चढताना बोल्ट झिजला. आता चार पावलं टाकली की गुडघा मागे राहतो. ब्राह्मणपुरीचे पाटील हौसेनं लेथ चालवतात असं बाजारात ऐकलं, म्हणून आलो.

गजराबाई : चहा ल्या. आनि मन्ही पितळनी परात कोठे गयी?

हिंमतराव : इथंच आहे. वितळवून तिचं चाक ओतायचं आहे, एकशे सत्तावीस दातांचं. ते बसवलं की हेच लेथ मिलिमीटरचे आटे काढतं. मुंबईहून मागवावं, तर लढाई संपली तरी मालाचा पत्ता नाही.

गजराबाई : मन्हा मायनी परात शे ती.

हिंमतराव : म्हणूनच पितळ चांगलं आहे.

गजराबाई : आनि कितला दिन लागतीन?

हिंमतराव : ओतायचं, घासायचं, एकेक दात कापायचा. पाडव्यापर्यंत होईल.

सुरुपसिंग : होळी त्याआधी आहे.

हिंमतराव : होळी दर साल येते.

सुरुपसिंग : गावचा मोठा ढोल माझ्याकडे असतो, पाटील. आधी बापाकडे होता. मी लढाईवर होतो तेव्हा धाकट्यानं वाजवला, करमसिंगनं. यंदा मी उभा राहिलो नाही, तर ढोल कायमचा त्याचा. बसून तो वाजवत नाहीत. भावाचा राग नाही मला. पण ढोल देववत नाही.

गजराबाई : दुसरा काही इलाज नही का?

हिंमतराव : आहे. त्रेसष्ट दातांचं चाक आहे माझ्याकडे. त्यानं जवळपास जमतं. पण जवळपासच. खोटं काम.

गजराबाई : कितलं खोटं?

हिंमतराव : आठ हजार आट्यांमागे एक आटा चुकतो.

गजराबाई : या बोल्टले कितला आटा शेतस?

हिंमतराव : बारा.

गजराबाई : चहा ल्या, थंडा व्हई ऱ्हायना. परात मी लई जास.

हिंमतराव : तुला यातलं कळत नाही. या लेथवर मी आजवर काय केलं? भोवरे केले, लाटणी केली, देवघराची घंटा केली.

गजराबाई : घंटा वाजत नही.

हिंमतराव : वाजत नाही. तेच सांगतोय. माणूस ज्यावर उभा राहील असं काही या हातून झालेलं नाही. भर होळीत बोल्ट सुटला, हा ढोलासकट पडला, तर? मला भीती वाटते, सुरुपसिंग. खरं सांगतो.

सुरुपसिंग : पहिला पाय गेला तो उचलायलासुद्धा मिळाला नाही, पाटील. हा पडला तर उचलून तुमच्याकडे आणेन. लावा ते त्रेसष्टचं चाक.

(चाक बदललं, बोल्ट पुन्हा कापला. हिंमतरावांना काही तो फिरवून बघायचा धीर होईना. शेवटी गजराबाईनंच त्यांच्या हातातून घेतला.)

गजराबाई : दोन फेरा गयात. तिसरा बी गया. अडना नही.

सुरुपसिंग : द्या इकडे, पाटलीणबाई. बसला. पुरता बसला.

हिंमतराव : चालून दाखव. हळू. भिंतीला धर. उडी मारू नकोस म्हटलं ना.

सुरुपसिंग : मारून झाली.

हिंमतराव : आणि गुडघा?

सुरुपसिंग : माझ्याबरोबर आला.

हिंमतराव : मी येतो होळीला. काही ढिलं झालं तर असावा माणूस. पाना घेऊन बाजूला उभा राहीन.

सुरुपसिंग : या की. पण तिथं बाजूला उभं कुणी राहत नाही, पाटील.