दादाच्या दुकानातला काळा चष्मा

धाकटी : चहा राहू दे, दादा. आधी ते मशीन चालू कर.

दादा : अगं, आल्या आल्या काय हे? आणि डोळा केवढा लाल झालाय! तलावातलं क्लोरीन असणार. कितीदा सांगितलं, पोरांना काठावरून पोहायला शिकव.

धाकटी : काठावरूनच शिकवते. दिवसभर उन्हात, चकाकत्या पाण्याकडे बघत. म्हणून तर तू मला हा काळा चष्मा दिला होतास. ठेव मशीनवर.

दादा : तो? जुना झाला आता. आण इकडे, नवा काढून देतो.

धाकटी : नवा नको, हाच ठेव. गिऱ्हाइकांचे तपासतोस ना, काचेतून ऊन आरपार जातं का ते? मग माझाही तपास.

वहिनी : काय हो वन्सं, आल्याबरोबर भावाची उलटतपासणी? बसा तरी आधी.

धाकटी : वहिनी, माझ्या डोळ्यात मांस वाढलंय. बुबुळावर चढायला लागलंय. ऑपरेशन करायचं म्हणतात, आणि केलं तरी परत वाढू शकतं. उन्हात काम नको म्हणाल्या डॉक्टरीणबाई. म्हणजे तलाव सोडायचा.

वहिनी : अगं बाई! बघू. कुठला डोळा?

दादा : उन्हानं होतं ते. तुझं कामच तसलं, त्याला कोण काय करणार?

धाकटी : मीही म्हटलं त्यांना, पण मी रोज चष्मा लावते, एक दिवस चुकवत नाही. तर त्यांनी तो मागून घेतला, तपासला आणि म्हणाल्या, हा लावला नसतात तर बरं झालं असतं.

वहिनी : असं कसं? न लावलेला बरा?

धाकटी : उघड्या डोळ्यांनी उन्हात गेलं की आपण डोळे बारीक करतो, टोपी पुढे ओढतो. काळी काच लावली की डोळ्याला वाटतं सावली आली, मग बाहुली मोठी होते. आणि काच नुसती रंगवलेली असली की नको ते किरण सरळ आत. मी आपली गार वाटतंय म्हणून खूश! दादा, हे तुला चांगलं माहीत आहे. उठता बसता लोकांना ऐकवतोस.

दादा : सगळेच पीस सारखे नसतात गं. एखाद्या मालात गडबड होते.

धाकटी : मग वहिनीचा ठेव.

वहिनी : माझा कशाला मध्येच?

धाकटी : दोघींना एकाच दिवशी दिलेत त्यानं. सारखीच फ्रेम. दे गं इकडे.

(दादा दोन्ही चष्मे एकामागून एक मशीनवर ठेवतो.)

वहिनी : माझ्यावर शून्य आलं. म्हणजे वाईट?

धाकटी : म्हणजे तुझ्या काचेतून ते किरण जातच नाहीत. आता माझा आकडा बघ.

वहिनी : अहो! बोला की काहीतरी.

दादा : कंपनीच्या माणसाकडे खरा पीस एकच होता. दुसरा नुसता कपाटात मांडायचा, नमुन्याचा. दिसायला हुबेहूब. ही हटून बसली, मलाही वहिनीसारखाच हवा. म्हटलं, आत्ता हा देऊ, मागाहून बदलू. मग राहून गेलं.

धाकटी : राहून गेलं. आणि काचेवरचं ते स्टिकर? 'उन्हापासून पूर्ण संरक्षण'? मी ते कित्येक दिवस काढलं नव्हतं. तलावावर सगळ्यांना दाखवत फिरले, माझ्या दादानं दिलाय म्हणून.

वहिनी : स्टिकर तुम्ही चिकटवलंत?

दादा : त्याची गुंडाळीच असते ड्रॉवरमध्ये. वाटलं, हिला बरं वाटेल.

वहिनी : दर रविवारी जेवायला येते ती. चष्मा काढून तुमच्या पुढ्यात ठेवते. एकदाही आठवलं नाही?

दादा : आठवायचं ना. पण जितके दिवस गेले, तितकं सांगणं जड होत गेलं. आता काय तोंडानं सांगू, असं व्हायचं.

धाकटी : डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चष्मा कुठून घेतलात? मी म्हटलं, रस्त्यावरून. स्वस्त मिळाला. केवढ्या ओरडल्या मला! शिकलेली बाई असून डोळ्यांशी खेळता? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांचे पेशंट तुझ्याकडेच येतात ना.

दादा : म्हणजे माझं नाव नाही घेतलंस?

धाकटी : बघ. डोळा वाचेल का, ते नाही विचारलंस.

वहिनी : लाज वाटते मला तुमची.

दादा : तसं नव्हतं गं म्हणायचं मला! चुकलं माझं, साफ चुकलं. ऑपरेशनचं सगळं मी बघतो. आणि हा घे, दुकानातला सगळ्यात भारी. हे बघ, तुझ्या डोळ्यांदेखत तपासला. शून्य. घाल बरं. पैसेबिसे काही नको.

धाकटी : घाल बिलात. पूर्ण पैसे लाव.

दादा : बहिणीला बिल करू मी?

धाकटी : कर. गिऱ्हाइकांना तू खरा माल देतोस.