शंभर अंड्यांचा नवस

हो गं, तीच – तुमच्या त्या लिस्बनमधल्या पोरी जिची गाणी पाठ म्हणतात, ती गायिका पिंपिला माझी सख्खी धाकटी बहीण. घरात तिला पिन म्हणायचे. अशी आ वासून बघू नकोस, बस ह्या बाकड्यावर. मी बुआकाम. ह्या आजोबादेवाच्या दारात हार आणि उकडलेली अंडी विकते. आमची थाई तू तिच्या गाण्यांवरून शिकलीस? वा! म्हणजे तेही तिचेच उपकार!

आता ऐक. गाण्याच्या सुरुवातीला ती हाक घालते ना – जिच्यावर तोक्यो काय नि मनिला काय, सगळे नाचतात – ती हाक माझी. बदकांना घरी बोलवायची. भाताच्या बांधावर उभं करून शिकवली मी तिला. बँकॉकच्या गाण्यांच्या कंपनीनं दोघींना बोलावलं होतं – दोघींना, कळलं? मी फाटकाबाहेर उन्हात, दोघींचे पोशाख हातात घेऊन उभी; आणि ही बया आत जाऊन सांगते काय, तर ताईला ताप आलाय, ती आलीच नाही! पहारेकऱ्यानं सांगितलं मला. दया आली असेल मेल्याला. मग गावी येऊन ह्याच पायरीवर नवस बोलले – आजोबा, हिचा पाय पुन्हा गावाला लागू देऊ नका, शंभर अंडी वाहीन. आणि देव कसला पावला म्हणतेस! आज सोल, उद्या मेक्सिको – आठ वर्षांत बाईसाहेबांना इथं यायला एक दिवस मिळाला नाही. म्हटलं, बरी खोड मोडली. नाच आता जगभर!

आई गेली तेव्हाही नाही आली. आमच्या रीतीनं दहनाआधी सात दिवस विहारात ठेवलं होतं आईला. जिवंत होती तोवर खाटेवर पडल्या पडल्या एकच – पिन आली का? पिन आली का? आलं काय, तर दाराएवढं फुलांचं चक्र. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नवस मी पिनसाठी बोलले होते, आईसाठी नव्हता गं.

फेडला? छे, वेडी का काय तू? फेडला की कायमचं पक्कं झालं. न फेडलेल्या नवसाचं दिलेलं देव परत घेतो म्हणतात – म्हणून तर थांबलेय. येऊ दे एकदा. माफी? माफी गेली खड्ड्यात, मला तिच्या मुस्काटात द्यायचीय! सगळ्या गावासमोर. मग जेवायला वाढीन, उपाशी थोडीच ठेवणार... जाऊ दे, तुला कशाला सांगत बसले मी हे.

ऊठ, ने तू घेतलेल्या अंड्यांचं ताट. शंभर आहेत. माग तुला काय मागायचं ते – पिनला तुमच्या गावात पुन्हा गाऊ दे म्हणावं. उदबत्त्या विझल्या की देवाचं जेवण झालं, मग अंडी तूच खा. मी हार ओवते तोवर.

आलीस? वाहिलीस? अगं, रडतेस कशाला? – माझ्या? माझ्या नावानं? नवस फेडलास माझा? तुला कुणी सांगितलं होतं गं, भवाने! उदबत्ती किती उरलीय? बोटभर? मग बघतेस काय – उचल! ती अंडी आधी उचल!