साडेतेहतीस फूट

शुक्रवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, बीव्हर फ्लॅट कॅम्पच्या फाट्यावर, व्हर्लिन हॅफनरच्या फोनवर रेंजची एक काडी आली. तिथे रस्त्यात गुरं अडवायची लोखंडी जाळी बसवली आहे. तिच्या बाजूच्या दगडावर चढलं की काडी येते आणि उतरलं की जाते, असं कॅम्पवर देखरेख करणाऱ्या विल्माने सांगितलं होतं. एकोणसत्तर वर्षांची व्हर्लिन त्या दगडावर चढली आणि तिने नेब्रास्कात मुलीला फोन लावला.

“हॅलो?… ट्रूडी? ऐकू येतंय का?… हां. बाई गं, लागला एकदाचा… नाही, पोचलो. दोनलाच पोचलो… अगं ऐक ना, आधी ऐक, रेंज जाईल. आपल्याला चौदा नंबरची जागा मिळाली नाही.”

“हो, बुकिंग आहे! कागद हातात आहे माझ्या… दुसऱ्याला नाही दिली, रिकामीच आहे… आमचा ट्रेलर मावत नाही तिच्यात… मावत नाही म्हणजे मावत नाही, ट्रूडी! जागा तीस फुटांची. विल्माने टेप लावली. साडेतेहतीस फूट भरलो.”

“… अठ्ठावीसच लिहिलंस तू, बरोबर आहे. बाबांनीच सांगितलं ना तुला. ट्रेलरच्या अंगावर हा एवढा मोठा अठ्ठावीस रंगवलाय, तो वाचून सांगितलं. तो नुसत्या खोलीचा आकडा. पुढचा ओढायचा दांडा, मागचं बंपर, त्यावरची शिडी… ते कोण मोजणार? एकवीस वर्षं ट्रेलर ओढतोय तुझा बाप, एकदा टेप लावली नाही. ‘माझ्या डोळ्यांत टेप आहे’ म्हणे.”

“… नाही गं, तुझी काय चूक? जानेवारीत बुकिंग उघडायच्या आधीपासून बसली होतीस तू, मला माहीत आहे… रडू नकोस. तू रडायला लागलीस तर मी कुणाशी बोलू?”

“… नाही, तशी नाही उभी करता येत. मागे घराएवढा दगड आहे, आणि पुढचं नाक रस्त्यावर येतं. जंगल पेटलं तर बंब जायला वाट हवी. तिचं बरोबरच आहे… विचारलं. विजेच्या सहाही जागा तेवढ्याच. जुना कॅम्प आहे, तेव्हा लोक एवढाले ट्रेलर आणत नसत… बाकीच्या जागा आहेत की रिकाम्या. मोठ्या आहेत. वीज नाही.”

“जनरेटर?… घरी आहे. गॅरेजमध्ये… कारण जागेला वीज होती ना, ट्रूडी! ‘शंभर पौंड वजन उगाच कशाला वाहायचं’ म्हणाले बाबा आणि उतरवून ठेवला. मी बघत होते. मीही काही बोलले नाही.”

तिचा नवरा मर्ल त्या वेळी अर्धा मैल आत, पिकअपमध्ये बसला होता. ऑक्सिजनचं छोटं यंत्र मांडीवर होतं, नळी नाकात. झोपताना लावायचं मोठं यंत्र ट्रेलरमध्ये होतं आणि त्याला भिंतीतली वीज लागते. व्हर्लिन निघाली तेव्हा छोट्या यंत्रावर बॅटरीच्या चारपैकी दोन दिवे उरले होते. पाचच्या आत ट्रेलरसकट गाडी घेऊन फाट्यावर ये, असं ती त्याला बजावून आली होती. तिला स्वतःला ट्रेलर ओढता येत नाही.

“… दोन दिवे. म्हणजे दोन तास, फार तर अडीच… पिकअपच्या सॉकेटला लावलं होतं गं, येताना फ्यूज उडाला. दुसरा फ्यूज बसवला, तोही उडाला… अगं, विल्मा म्हणाली ना! म्हणाली, माझ्या राहायच्या गाडीपाशी खुर्ची टाकते, माझी वीज घ्या, रात्रभर घ्या. झुकिनीचा केक आणून दिला बिचारीने. तर तुझे बाबा काय म्हणाले असतील?… बरोबर! ‘परक्या बाईच्या दारात नाकात नळी घालून झोपायला मी अजून मेलो नाही.’ आणि पिकअपचं दार लावून घेतलं. तिच्या तोंडावर. केक माझ्या हातात.”

“… तर तू आता कॉम्प्युटर उघड. उघडलायस? शहाणी गं माझी. वीज असलेला कॅम्प, पस्तीस फुटांची जागा, आजच्या आज… हो, लोअर बेंड बघितला येताना. नदीकाठी, छान आहे… वीज नाही, मग छान घेऊन काय करू?… शेजाऱ्याचा जनरेटर कसा मागणार? आणि दहाला बंद करावा लागतो, नियम आहे तसा. दहानंतर काय करू, मी फुंकर घालत बसू?”

“पुढचा वाच… एक तारा? का?… डास? डासांचं काय घेऊन बसलीस, बाई! वीज आहे का ते बघ… नाही ना. मग सोड. लोकांनी काय लिहिलंय ते वाचू नकोस, नुसतं वीज-वीज बघ.”

“… नाही. तळं नाही. ट्रूडी, तळ्याचं नाव काढू नकोस. दहा हजार दोनशे फूट उंचीवर आहे ते. डॉक्टरांनी आठ हजाराची रेघ मारून दिलीय. आणि वर अकरा मैल रस्ता, कुठेही ट्रेलर वळवायला जागा नाही. एकदा चढलं की शेवटपर्यंत… माहीत आहे मला, बाबांनी बांधलेला पूल तिथेच आहे. एकोणीस वर्षांचे होते, खांद्यावरून ओंडके नेले, अमुक केलं, तमुक केलं. शंभरदा ऐकलंय. कबूल काय केलं होतं त्यांनी? ट्रेलर खाली, विजेवर. पूल बघायचा तो सकाळी, नुसत्या पिकअपने, तासाभरात परत. तेवढ्यासाठीच मी हो म्हटलं.”

तिने मान वळवून रस्त्याकडे बघितलं. जाळीपलीकडे रस्ता फुटतो. डावीकडचा उतरून अडतीस मैलांवर कॉटर गावाला जातो, उजवीकडचा तळ्याला. फाट्यावरच्या लाकडी पाटीवर तळ्याचं नाव होतं आणि बाण.

“… आहे मी, आहे. ऐकतेय… कसे म्हणजे?… बरे आहेत… अगं बरे आहेत म्हटलं ना… बरं, सांगते. सांगते, पण ओरडू नकोस. मी इकडे यायला निघाले तेव्हा मला विचारलं, ‘ट्रूडी शाळेतून आली का?’… हो. मी म्हटलं, मर्ल, ट्रूडी एक्केचाळीस वर्षांची आहे. तर हसले. म्हणाले, गंमत केली… मला नाही वाटत गंमत होती. कारण पाच मिनिटांनी परत विचारलं.”

“… ओठ निळे? बघितले. सावलीत बसले होते, मला नीट कळलं नाही… ट्रूडी, मला नीट बघायचंच नव्हतं. झालं?”

“… ॲम्ब्युलन्सला दीड तास, विल्मा म्हणाली. तिच्याकडे वायरलेस आहे. मी म्हटलं, बोलाव. तर हे काच खाली करून म्हणतात, ‘बोलावलीस तर मी पायी निघून जाईन.’ आणि जातील! तू ओळखतेस ना त्यांना… हो, चुकलं माझं. तरी बोलवायला हवी होती. ते आले आणि मी गाडीत बसले की पहिलं तेच करते.”

“कॉटरला? गावातल्या ट्रेलरपार्कला मी सकाळीच विचारलं होतं, असंच आपलं. भरलंय. या आठवड्यात रोडिओ आहे त्यांचा, घोड्यांचे खेळ, घोडे आणणाऱ्या गाड्यांनी सगळं… काय?… दुसऱ्या फोनवर? कर, कर. मी धरते. हा बंद करू नकोस हं, परत लागायचा नाही.”

तिने घड्याळ बघितलं. चार वाजून त्रेपन्न. दगड एका बाजूने कलता होता. तिने एक पाय खालच्या खाचेत रोवला, आणि काडी जाऊ नये म्हणून फोन धरलेला हात हलू दिला नाही.

“… बोल… हो?… कुणी रद्द केली?… घोडा लंगडा झाला? देव त्या घोड्याचं भलं करो… किती फूट? चाळीस! आणि वीज?… पार्कवालीला विचारलंस ना नीट, वीज?… हो, हो, लांबी साडेतेहतीस सांग! अठ्ठावीस सांगू नकोस!… सहापर्यंत धरून ठेवते म्हणाली? सहानंतर नाही?… अडतीस मैल, वळणं आहेत… निघालो ना आत्ता, तर होईल. सहाच्या आत होईल. उंचीही कमी होईल, त्यांना तिथे जरा हवा मिळेल… हो, बटाट्याचं सॅलड आहे, खायचं बघू नंतर. तुझं आपलं काहीतरी!”

ती हसली. पोचल्यापासून पहिल्यांदा.

“… विल्माच्या वायरलेसवरून निरोप देता येईल त्यांना? नको, मी इथेच थांबते, येतीलच. पाच वाजत आले… काय सांगू? तू सांगितलंस म्हणून सांगते. तुझं ऐकतात. म्हणेन, ट्रूडीने जागा काढलीय, आता नखरे नकोत, पूल उद्या, खालून येऊ, मी स्वतः… थांब. थांब, जाळी वाजली.”

पिकअपची पुढची चाकं जाळीवर खडखडली, मग मागची, मग ट्रेलरची.

“… आले गं. बघ, आले. बरोबर आले. उगाच आपण… सांगते, डावीकडे घ्यायचं सांगते. धर हं… थांबले फाट्यावर… ट्रूडी. दिवा लावलाय… वळायचा दिवा गं, ट्रेलरचा… उजवीकडचा… नाही, चुकून कसा? पाटीकडे बघतायत… मर्ल! मर्ल, इकडे! डावीकडे!… काचा वर आहेत, ऐकू नाही जात… मर्ल! अरे, मला घ्यायचंय ना!… नळी दिसत नाहीये मला, ट्रूडी. नाकात नळी दिसत नाहीये… विल्माला, नाही, तूच बोलाव… ॲम्ब्युलन्स सांग, बीव्हर फ्लॅटचा फाटा सांग, मी उतर—”

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ती दगडावरून उतरली आणि काडी गेली. ट्रेलरचा उजवा दिवा लुकलुकत होता. चाकं अजून वळली नव्हती.