मागचा कारखाना

नाही नाही, जवळ या साहेब, लांबून काय बघताय. ह्याला आग म्हणता तुम्ही? नुसता धूर आहे. तुमचा नियम वाचलाय मी — लावलाय ना तुमच्या नगरपालिकेच्या ऑफिसात, जिन्याखाली, कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने. 'उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई.' आता हा कचरा आहे? पानं आहेत, माझ्याच झाडाची. खाली पडली म्हणून लगेच कचरा झाली? तसं तर मीही निवृत्त झालोय — जाऊ दे. जन्मभर कारकुनी केली साहेब, नियमातल्या शब्दाला कुठे धरायचं ते मला कळतं.

बादली? ही काय, भरलेली आहे. आणि वाऱ्याचं म्हणाल तर वारा आमच्याच घराकडे आहे, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही, म्हणजे तक्रारीला जागा नाही. घर माझं, धूरही माझा. वरची खिडकी ना — ती बंदच असते. हिला धुराचं जरा वावडं आहे. डॉक्टर दमा म्हणतात, त्यांनाही काहीतरी म्हणावंच लागतं. पंप ओढते, बसते जरा उशाला टेकून, मग बरं वाटतं. मी खराटा हातात घेतला की वरून विचारते, 'झाला का कारखाना सुरू?' कारखाना — ऐका. कामगार मी एकटा, आणि भोंगा ती वाजवते. आमच्या दोघांतली थट्टा आहे ती, बाहेर कुणाला ठाऊक नाही, तुम्ही विषय काढलात म्हणून सांगितलं.

आणि तक्रार कुणाची ते सांगूच नका, मला माहीत आहे. पलीकडचे मास्तर. त्यांचे सदरे वाळत असतात ना कुंपणाशी. काल तुमचा निरोप आला तेव्हाच तोंडावर विचारलं, तर गळ्याची शपथ घेतात — काय म्हणता, फोनवर बाईचा आवाज होता? मग त्यांची बायको. नाही, ती तर लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, घराला कुलूप घालून मास्तर खानावळीत जेवतात. मग कोण? नाव नका सांगू, तुमची नोकरी आहे, पण काय म्हणाली एवढं तरी सांगाल?

काय म्हणाली?

परत सांगा.

'मागचा कारखाना बंद करा.' अस्सं.

येताना दाराशी हिची बॅग बघितलीत? बहिणीकडे चाललीय, चार दिवस. चार दिवसांच्या मानाने मोठीच आहे — मी म्हटलंसुद्धा सकाळी, अगं, स्वेटर कशाला घेतेस एवढ्यात. तर नुसती घडी घालत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

ती बादली द्या इकडे. नाही, मीच ओततो. — बघा, वरून विझलं तरी आत धुमसतंच, काठीने उकरावं लागतं. तुमच्या नियमात आहे ते, 'पूर्ण विझल्याची खात्री करावी.' तेवढं वाक्य चांगलं लिहिलंय. अजून एक बादली लागेल.

पुढे गाडीचा हॉर्न वाजला का? मलाही वाटलं.

तुम्ही निघा आता साहेब, दंडाचं उद्या बघू. आणि फाटकाशी तो गाडीवाला असेल, त्याला सांगा, थोडं थांब म्हणावं, सामान मी — नको. काही सांगू नका. जा तुम्ही.