नवरीमागची जागा

(कोल्हारला, मच्छिंद्रच्या घरी. धाकटी बहीण गोजरबाई लेक संस्कृतीच्या लग्नाची पत्रिका घेऊन पारनेरहून आली आहे. मच्छिंद्रची बायको बनुबाई तिथंच बसली आहे.)

गोजरबाई : मग सरळ सांग ना दादा, म्या हक्कसोडीवर सही केली न्हाई म्हनून येत न्हाईस.

मच्छिंद्र : जमिनीचं कुठं काढतीस? जमायचं न्हाई म्हनलं ना.

गोजरबाई : का न्हाई जमायचं? पोटातली गाठ काढून दोन वरसं झाली, पोटावर लावलेली पिशवीबी निघाली. उसाला पानी धरतोस, आन् भाचीच्या मागं मामा म्हनून घटकाभर उभं राहायला हुत न्हाई? साखरपुड्यातबी भरल्या ताटावरनं उठलास. सासरची मानसं अजून बोलून दाखवत्यात मला.

मच्छिंद्र : बोलू दे.

बनुबाई : सांगा की त्यांना. किती दिस गिळून बसायचं?

मच्छिंद्र : तू गप.

बनुबाई : लई गप बसले. वन्सं, तुमी आग्रहानं बासुंदी वाढली. तुमचं मन मोडवंना, म्हनून खाल्ली यांनी. संडासापुढं ही रांग. मग मागच्या बाजरीत जाऊन बसले, लोकं पांगेस्तवर.

गोजरबाई : दादा?

मच्छिंद्र : आतडं कापून जोडलंय. खाल्लेलं थांबत न्हाई. कळ आली की उठायलाबी सवड देत न्हाई. डॉक्टर म्हनले हुते, सुधरंल हळूहळू. आता म्हंत्यात, सवय करा.

गोजरबाई : मला कसं कळलं न्हाई रं?

मच्छिंद्र : बहिनीला काय सांगायचं हे? उसात कोन बघतंय. पन एसटीत झालं, राहुरीच्या अलीकडं. बायांनी नाकाला पदर लावले. ओळखीची मानसं हुती सगळी.

गोजरबाई : मोठ्या मानसांचे डायपर मिळत्यात की आता.

मच्छिंद्र : घालतो. वास थांबतो का त्यानं?

बनुबाई : कुठं जायचं ठरलं की आदल्या दिसापासनं उपाशी राहत्यात. मागं बँकेत चक्कर येऊन पडले. तरी झालं व्हायचं ते.

मच्छिंद्र : कधी कधी वाटतं, त्या गाठीनंच न्यायला पायजे हुतं. मानूस म्हनून तरी गेलो असतो.

गोजरबाई : असं नको बोलू रं. मी भटजींना सांगते, दोनच मंगलाष्टका म्हना. लगेच उरकू.

मच्छिंद्र : आन् त्या दोनांत झालं तर? संस्कृती शालू नेसून उभी, समोर फोटोवाला. जलमभर तिला तेवढंच आठवंल. मामा आला न्हाई तर रडंल, पन इसरंल.

गोजरबाई : मग कोनीच नगं. मोकळी राहू दे ती जागा.

मच्छिंद्र : मोकळी कशी ठेवतीस? चुलत्याचा पोरगा कारभारी हाय की. तोबी मामाच लागतो, त्याला उभा कर.

गोजरबाई : लोकं इचारतील ना, सख्खा भाऊ कुठं गेला म्हनून.

मच्छिंद्र : रुसलाय म्हनावं. ते पटतं लोकांना.

गोजरबाई : आन् पोरीला काय सांगू?

मच्छिंद्र : काय नको सांगू. कारभारीला तेवढं सांग. अक्षता पडल्या की फटाके वाजत्यात, पोरगी बारकी असल्यापासनं दचकते. पाठीवर हात ठेव म्हनावं.