लाथेनं वाजणारा ढोल

सगळा दोष विठ्ठलरावचा. विठ्ठलराव म्हणजे आमचे सख्खे चुलते, आख्खं गाव त्यांना आप्पा म्हणतं, मी बी आप्पाच म्हणतो, पण दोष द्यायचा म्हणल्यावर पूर्ण नाव घ्यावं, म्हणजे ध्यानात राहतं. तुम्हाला सांगतो, मी कालिज सोडलं तवा याच माणसानं पारावर बसून जाहीर केलतं, 'आमचा राम्या वाया गेला.' ठीक हाय, गेलो वाया. पण वाया गेलेलं पोरगं पत्र्याच्या शेडात गपचूप ढोल बडवत बसलं असंल, तर तिथं यून त्याला इतिहास कावून शिकवायचा? मंग कालिजानं काय घोडं मारलं होतं?

आता ढोल म्हणजे आपला गळ्यात घालायचा न्हवं. ड्रमचा सेट. पुण्याच्या एका पोराकडून जुना घेतलेला. त्यात मधी एक मोठा ढोल असतोय, तो जमिनीवर आडवा ठेवायचा, त्याला खाली पायटा, पायटा दाबला की दांडा जाऊन कातड्यावर आदळतो... धप्प. म्हणजे लाथेनं वाजतो. ही लाथ जरा ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण हिच्यावरच झालंय. आन त्या ढोलाच्या पुढच्या कातड्यावर, लोकांकडं त्वांड करून, इंग्रजाचा झेंडा छापलेला. निळ्यावर लाल-पांढऱ्या फुल्या, फुलीवर फुली. मी छापला न्हाई. तसाच आलता. मला वाटलं, झकास दिसतंय, राहू द्या.

बँड आमचा तिघांचा. पप्पू गिटारवर, मी ढोलावर आन सायली गाती. सायली म्हणजे धोंडीरामकाकाची पोरगी. काका शेळ्या-मेंढ्या राखतेत, दिवसभर माळावर, माणसापेक्षा जनावराशी जास्त बोलतेत. पुण्याच्या एका कार्यक्रमात आमची निवड झाली तवा सायलीनं घरी विचारलं. काका तीन दिवस मेंढरांमागंच फिरले. मंग म्हणले, "आधी गावाम्होरं गा. गावानं नाव ठिवलं न्हाई, तर जा पुण्याला." बस. सगळा बँड त्या एका वाक्यावर टांगलेला. सायली न्हाई तर बँड न्हाई, पप्पूचा आवाज तुमी ऐकला न्हाई म्हणून सांगतो.

गावाम्होरं म्हणजे सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडा, संध्याकाळी कार्यक्रम, आन कार्यक्रमाचे मालक आप्पा. दोन दिवस आधी आप्पा शेडात आले, ढोल बघितला आन थबकले.

"हे रं काय? इंग्रजाचा झेंडा?"

"व्हय आप्पा."

"दीडशे वर्षं लुटलं त्यांनी आपल्याला. कोहिनूर नेला. आन तू त्यांचा झेंडा नाचवतो? आन ते बी मुक्तिसंग्रामाला?"

मी म्हणलं, "आप्पा, मुक्तिसंग्राम निजामाचा. इथं निजाम होता. इंग्रजाचंच राज्य असतं तर पंधरा ऑगस्टलाच मोकळे झालो असतो, वरचे तेरा महिने कुणाचे?"

आप्पानं डोळे बारीक केले. "निजामाच्या मागं कोण होतं?"

"कोण?"

"तेच. तुला न्हाई कळायचं. कालिज सोडलेल्याला कसं कळंल?"

आता खरं सांगायचं तर निजामाच्या मागं इंग्रज होता, यात आप्पाचं चुकलं न्हाई. पण मंग निजामाचा राग कुठं गेला? जातीच्या दाखल्यासाठी त्याच्या काळच्या नोंदी हुडकाया आख्खं गाव तहसीलला रांग लावून बसतंय, नोंद घावली की पेढे वाटतंय. तिथं कुणाचं रगत उसळत न्हाई. आन इंग्रजाचाच राग असंल, तर बबिताताईच्या, म्हणजे आप्पाच्या पोरीच्या लग्नात घाटनांदूरहून बँडवाले आणले होते, त्यांच्या अंगावर काय होतं? लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर झुपके, डोक्यावर तुरा. साक्षात इंग्रजाची पलटण. आन त्या पलटणीम्होरं आप्पा दातात रुमाल धरून नागीण नाचले. तवा कोहिनूर आठवला न्हाई. तवा नागीण आठवली.

तिकडं परदेशात, मी मोबाईलवर बघतो ना, लाख-लाख माणूस मैदानात, आन झेंडेच झेंडे. कुणाचा कुठला, कुणाचा कुठला. एखादा स्टेजवर फेकतो, गाणारा तो उचलतो, खांद्यावर घेतो, घामानं भिजलेला तसाच गातो. लोक रडतेत. पोलीस बी टाळ्या वाजवतेत. मी म्हणायचो, आपला तिरंगा बी तिथं कुणीतरी न्यावा राव. कुणाला ठाऊक होतं, तिरंगा माझ्याच ढोलावर चालून येणार हाय?

मी आप्पाला शेवटचं समजावलं. म्हणलं, "आप्पा, राग हाय ना इंग्रजावर? मंग निवांत खुर्ची टाकून बसा. हा ढोल लाथेनं वाजतो. एका गाण्याला त्याला शे-दोनशे लाथा बसतेत. तुमच्या दीडशे वर्षांचा हिशेब पाच गाण्यात फिटतोय." तुमीच सांगा, लाथ कुणाला बसत होती? इंग्रजाला. फुकटात. आप्पा म्हणले, "जास्त शाना होऊ नको."

आन दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानातून गुंडाळी आली. गोल कापलेला चिकटपट्टीचा कागद, बरोबर ढोलाच्या मापाचा. त्यावर तिरंगा. आन तिरंग्याच्या खालच्या हिरव्या पट्ट्यात, हात जोडून, गॉगल लावून... आप्पा. 'शुभेच्छुक : विठ्ठलराव.' मी म्हणलं, "आप्पा, हे तिरंग्यावर फोटो चालतोय का?" म्हणले, "मी काय परका हाय का?" मी म्हणलं, "आप्पा, हा ढोल लाथेनं..." म्हणले, "चिकटव." स्वतःच्या हातानं बुडबुडे काढले हो त्यांनी, रुमालानं, वरून खाली. इंग्रज झाकला. बरं वाटलं त्यांना.

कार्यक्रम झाला. आधी नव्वदीच्या सरस्वतीबाईंचा सत्कार. आप्पानं त्यांच्या कानात ओरडून विचारलं, "आज्जी, इंग्रजांच्या आठवणी सांगा." म्हातारी म्हणली, "इंग्रज? मी तर बाई एक बी बघितला न्हाई." आप्पानं पटकन माईक काढून घेतला आन शाल घातली.

मंग आमी. तुम्हाला सांगतो, सायली अशी गायली, अशी गायली, की मागं कलकल करणारी पोरं गप झाली. मी वाजवत होतो आन नजर माझी गर्दीच्या मागं, धोंडीरामकाका काठीला टेकून उभे होते तिकडं. दुसऱ्या गाण्याला काठी हलाया लागली. ठेक्यावर. तिसऱ्या गाण्याला काका हसले. मी त्या माणसाला आधी कधी हसताना बघितलंच न्हवतं. मी पायटा असा दाबला, असा दाबला... पुणं फिक्स, म्हणलं.

आन तिथंच घात झाला. ढोल वाजला की पुढचं कातडं थरथरतंय. कातडं थरथरलं की तिरंगा थरथरतोय, आन तिरंग्यातले आप्पा गालासकट थरथरतेत. धप्प, गाल हलले. धप्प, गॉगल उडाला. सुग्रीव म्हणजे आप्पानं निवडणुकीत पाडलेला गडी, त्यानं तेवढंच जवळून शूट केलं. गाणं न्हाई, सायली न्हाई, निसते गाल आन खाली माझा पाय. त्याला नाव दिलं, 'आप्पांना लोकांची लाथ.' रात उलटायच्या आत ते माजलगावापस्तोर पोचलं. सासरहून बबिताताईचा फोन आला, "आप्पा, हे काय हो?"

आता आप्पा काय करतील? 'माझे गाल हलले' म्हणून तक्रार देता येती का? न्हाई येत. मंग सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात गेले आन फिर्याद दिली : राष्ट्रध्वजास लाथ मारली. आरोपी, रामेश्वर. सख्खा पुतण्या.

मला बोलावलं. मी म्हणलं, "साहेब, लाथ मागच्या कातड्याला बसती. पुढचं निसतं थरथरतं."

साहेब म्हणले, "थरथरलं ना?"

"थरथरलं."

"मंग झालं की."

"साहेब, पण तो कागद आप्पानंच लावला. त्यावर त्यांचा फोटो बी हाय."

साहेबांनी आप्पाकडं बघितलं. आप्पानं छताकडं बघितलं. साहेब म्हणले, "फोटोचं वेगळं. फोटोला लाथ मारणं गुन्हा न्हाई." आन ढोल जप्त. हवालदारानं उचलताना त्या कागदाचं एक टोक निघालं, खालून निळं-लाल डोकावलं. हवालदार म्हणला, "साहेब, ह्याच्या खाली आणखी एक झेंडा हाय." साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणले, "तो इंग्रजाचा. त्यांचा त्यांना बघू द्या."

तुमीच सांगा, लाथ कुणाला बसली? इंग्रज आत सुखरूप, वर आप्पाचं पांघरूण. आप्पा फिर्यादी, म्हणजे देशभक्त. सुग्रीवचा व्हिडिओ अजून फिरतोय. मंग शिल्लक कोण राहिलं?

संध्याकाळी मी धोंडीरामकाकाच्या वाड्यावर गेलतो, मेंढरांच्या. काका करडाला दूध पाजत होते. मी म्हणलं, "काका, गाण्याला कुणी नाव ठिवलं न्हाई. नाव माझ्या पायाला ठिवलंय." काकानं करडाचं त्वांड पुसलं. मंग म्हणले, "पोरा, गाणं चांगलंच होतं. पण पोलिसात गेलं." सायली आत होती. बाहेर आली न्हाई. मी बी हाक मारली न्हाई.

आता तारखा पडतेत अंबाजोगाईला. एस्टी येळेवर नसती, म्हणून फिर्यादी आन आरोपी एकाच मोटरसायकलवर जातो. मी चालवतो, आप्पा मागं बसतेत, खड्डा आला की खांदा धरतेत. जाताना निजाम, येताना कोहिनूर. मी ऐकून घेतो.

पुण्याला आमच्या जागी दुसरेच गेले. सायलीनं गाणं सोडलं.