गाडी कोनाची?

बसा तुम्ही, मी उभाच बरा. उभा जल्म बसूनच गेला, आता खुर्चीत टेकलो की पाय आपसूक खाली ब्रेक शोधतो. माझं नाव गंगाराम, गाव हेच, कुडपण, वरच्या वाडीत जल्मलो. तवा वर रस्ता नव्हता. काय सांगू तुम्हाला, घरात भात असायचं पन तांदूळ नसायचा. गिरन खाली पोलादपूरला, मंग आई भाताचं गाठोडं डोक्यावर घेऊन सकाळी उतरायची, मागं मी, माझ्या डोक्यावर बी एक टोपलं, तितं नंबर लावायचा, तूस उडून डोळ्यांत जायचं, आन तांदूळ घेऊन परत डोंगर चढायचा. एकदा आमचा नंबर आला आन लाईट गेली. गिरनवाला बोलला उद्या या. उद्या या! आई तितंच पायरीवर बसली आन पदर तोंडाला लावून रडली. मी आठ-नऊ वर्सांचा असंन. ते काय डोक्यातनं गेलं नाय, आजवर गेलं नाय.

शाळेत माझा जीव रमला नाय, महाडला हमीदशेठकडं लागलो, आधी क्लीनर, मंग ड्रायव्हर. शेठच्या चार गाड्या. खडी, रेती, विटा, खत, लग्नाची भांडी, काय वाहिलं नाय ते विचारा. त्यातली ही एक, ती बघा आंब्याखाली उभी हाय, निळ्या केबिनची. कोरी आली तवा पयली किल्ली शेठनं माझ्या हातात दिली, त्याला सव्वीस वर्सं झाली, दुसऱ्या कोनी तिला हात लावला नाय. आन आमच्या धंद्यात एक रीत हाय, ड्रायव्हर कदी मालकाची गाडी असं बोलत नाय. धाब्यावर कोनी विचारलं गाडी कोनाची रे, तर माझी. खोटं नाय ते, बोलायची रीतच तशी. शेठ बी तसाच बोलायचा. महाडात पूर आला तवा मी आदल्या दिवशीच नदीच्या पान्याचा रंग बघून गाडी नाते गावाच्या रस्त्याला उंचावर नेऊन लावली. बाकीच्या तिन्ही टपापर्यंत बुडाल्या. शेठ गुडघाभर चिखलात उभा, मला बोलला गंगाराम, तुझी गाडी वाचली रे बाबा. तुझी, बोलला. हे लिहा तुम्ही, ह्याचं काम हाय पुढं.

आता शेठ थकला. पोरगा कुवेतला, त्याला हा धंदा नको. एकेक करून गाड्या गेल्या, ही राहिली. गेल्या शनिवारी शेठनं मला घरात बोलावलं, चहा दिला, आन बोलला शुक्रवारी भंगारवाला येनार हाय, गाडी मोडीत काढतो. माझा चहा तसाच राहिला. तो बोलला तुला हवी तर तू घे, भंगारवाला देतो तेवढंच दे, पन डोस्कं ठिकानावर ठेवून घे हां, जुनी गाडी हाय, पुन्यांदा आरटीओचं पासिंग करायचं म्हंजे इंजिनापास्न समदं आलं.

येताना एसटीत डोकं असं फिरलं माझं. आमच्या वाडीत आता हाय कोन? म्हातारी मान्सं. पोरं मुंबईला. भात पिकतं, पन खाली न्यायला खांदा कुनाचा? शेजारची भागीकाकू सत्तरीच्या पुढची, तिनं परत उखळ काढलंय. मुसळ उचलते आन थांबते, उचलते आन थांबते, मला घरात बसून ऐकू येतं. तवा सुचलं, गिरनच गाडीवर बसवायची! मागं हौद्यात तांदूळ सडायचं यंत्र, त्याला सवताचं डिझेल इंजिन, लाईटची भानगडच नाय, आन कुडपण, उमरठ, जितं चाक जाईल तितं जायचं. मान्सं लय डोंगर उतरली, आता गिरनीनं डोंगर चढायचा.

हिला सांगितलं. ही म्हंजे माझी मंडळी, सुनंदा. भांडी घासत व्हती, राखेच्या हातानं तशीच उठली. अवो, घरावरची कौलं फुटल्यात, गेल्या पावसात मी चुलीवर छत्री धरून भाकऱ्या थापल्या, आन कौलांसाठी ठेवलेल्या पैशानं तुम्ही लोखंड आनताय? खरं हाय तिचं. छत्री मीच बघितलीय. मंग पोराला फोन लावला, तो नालासोपाऱ्याला असतो. तो बोलतो पप्पा, भंगार कशाला घेताय, हितं या, सोसायटीत वॉचमनचं काम बघून ठेवलंय, बसायला खुर्ची हाय, डोक्यावर पंखा हाय. पंखा! मेल्या, मला वारा केबिनच्या खिडकीतनं लागतो. आपटला फोन. आन आपटल्यावर वाटलं, पोरगं काय वाईट बोललं नाय.

रविवारी घ्यायची ठरवली, सोमवारी मोडलं. म्हंजे झालं असं, सोमवारी महाडात वेल्डिंगवाल्याला दाखवली. तो खाली घुसला, हातोडीनं ठोकठोक केली, बोलला काका, चासी खनखनीत हाय, यंत्र आरामात बसंल, पन हौदा हितनं कापावा लागंल आन हा मागचा फाळका, पत्र्याचं दार, काढावं लागंल. खडूनं रेघ मारली त्यानं. त्या हौद्यातनं मी पोरीच्या लग्नाचा संसार नेला. आई दवाखान्यात वारली, तवा दुसरी कुठली गाडी वर यायला तयार नव्हती, तिला ह्याच हौद्यात गोधडीवर ठेवून घरी आनली, क्लच सोडताना बी हिसका बसू दिला नाय. खांद्यावरचा टॉवेल घेतला आन ती रेघ पुसून टाकली. वेल्डिंगवाला हसाया लागला. मी बोललो नाय घ्यायची, विषय संपला. आन घरी येऊन बसतो तर परत ते उखळ. धप. मंग कितीतरी वेळानं, धप.

जेवन जाईना, दाढी करायचं विसरलो, खळ्यात फेऱ्या मारून मारून शेनानं सारवलेली जमीन उकरली. मंगळवारी ही वैतागली. तुमच्यापायी माझं बी डोस्कं उठलं, चला, गावदेवीला कौल लावू, ती बोलंल ते तुम्हाला मान्य, मला मान्य. आन उंबरा वलांडताना वर बोललीच, घरावरची कौलं नाय तर नाय, देवीचा तरी कौल मिळू दे.

आमच्याकडं कसं असतं, गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आन तुमचं विचारनं देवीपुढं मांडतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाय. गुरव आमचा दगडू, शाळेत माझ्याच बाकावर छड्या खाल्लेला. त्यानं कळ्या लावल्या, बोलला तूच बोल, एका वाक्यात, देवीला घोळ चालत नाय. मी हात जोडले, डोळे मिटले आन बोललो, आई, माझी गाडी मी विकत घेऊ का नको?

दगडूनं मान वळवली. मंग बोलला, काय बोललास? मी परत तेच बोललो. अरे शान्या, बोलला, तुझी हाय तर विकत काय घेतोस? आन तुझी नाय तर माझी कशाला बोलतोस? असलं कोडं मी देवीला घालू? शेठची गाडी, असं बोल. बरं, बोललो. परत हात जोडले. आई, शे... आन पुढं शब्द फुटंना. देवीच्यान सांगतो, तोंड उघडं तसंच, दगडू माझ्याकडं बघतोय. सव्वीस वर्सांत कदी बोललो नव्हतो वो. डोळ्यांतनं घळाघळा पानी आलं, बायकोसमोर, गुरवासमोर, लाज वाटली पन थांबंना. आन कळ्या जागच्या जागी, उजवी हलंना, डावी हलंना.

तवा मागनं ही बोलली, दगडूभावजी, काढा त्या कळ्या. आन मला बोलली, तुमची हाय ना ती? मंग मानूस आपली वस्तू भंगारात घालतं का? जा, घेऊन या. मी बोललो आन छप्पर? ती बोलली, तो फाळका काढनार ना तुम्ही? तो माझ्या चुलीवर ठोकून द्या, गळायचं तरी थांबंल.

काल गेलो महाडला. शेठनं कागदांवर सह्या केल्या. किल्ली द्यायचा प्रश्नच नव्हता, ती माझ्या खिशात व्हती. शेठनं बॉनेटवर हात फिरवला, खुदा हाफिज बोलला आन वळून आत गेला, परत बघितलं नाय. मी घाट चढून आनली. आन आज सकाळची गंमत ऐका, खालच्या वाडीचा एक पाव्हना रस्त्यानं चालला व्हता, थांबला, बोलला गाडी कोनाची? आन माझ्या तोंडातनं काय निघावं? शेठची! मायला, सव्वीस वर्सं जीभ चुकली नाय, आन आजच? ही दारात उभी, तिनं कपाळावर हात मारून घेतला, मंग हसत सुटली.

सोमवारी हौदा कापायचाय. खडूची रेघ ह्या बारीला मीच मारनार हाय. यंत्र अजून आनायचंय, पासिंग व्हायचंय, चालंल का नाय चालंल देवीला ठावं, तिनं काय सांगितलं नाय. माझा जीव असा टांगलेला हाय, म्हनून तर बसवत नाय. तुमचा चहा निवला, घ्या, सुखी राहा. आन जाताना त्या ओटीवर बघा, ते पोतं दिसतं का? भागीकाकूचं भात हाय. गाडी बघितली आन सकाळी सकाळी फरफटत आनून ठेवलं म्हातारीनं, बोलली पयला नंबर माझा. यंत्राचा पत्ता नाय अजून! तिला सांगायला म्हनून तोंड उघडलं मी, काकू, उद्या ये. आन तसंच मिटलं.